ते मरत नाही, म्हणून ते मजेत आहे असं नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. "आमचं टर्टल फार मोठं झालंय. मुलं आता बघतही नाहीत, पाण्याला वास येतो. रविवारी तलावात सोडायचा विचार आहे. उपवन बरं पडेल की मासुंदा?" सोबत फोटो. खाली धडाधड उत्तरं. कुणी म्हणे उपवनला सकाळी गर्दी नसते. कुणी म्हणे गावच्या देवळाच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल. नमस्काराचे हात, हृदयं, "छान निर्णय". एवढ्या माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की त्या जिवाचे डोळे का मिटलेले आहेत.

मी फोटो मोठा करून पाहिला. पापण्या सुजून टरारलेल्या, कवचाच्या कडा वर वळलेल्या. तेव्हापासून कशात लक्ष नाही. म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

आमची यमू अशीच आली होती. आम्ही जुन्या बिल्डिंगमध्ये होतो तेव्हा वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर बदलत होतं. सामान उतरवताना वॉशिंग मशिनच्या मागून एक निळा टब निघाला. तळाला चार बोटं हिरवं पाणी आणि त्यात ती. टेम्पोवाल्याने विचारलं, हे कुठे ठेवू? वहिनी म्हणाल्या, "ते राहू दे, जाताना खाडीत सोडून देऊ." खाडीत! गोड्या पाण्याचं कासव, खाडीत! मी काही न बोलता टब उचलला. वहिनींना बरंच वाटलं. जिना उतरताना वरून म्हणाल्या, "अगं, काळजी नको करूस, इतकी वर्षं आहे आमच्याकडे, काही होत नाही त्याला."

काही होत नाही त्याला. हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय मी, की आता कुणी म्हणालं तरी डोकं फिरतं.

कुत्रं उपाशी असलं तर केकाटतं, मांजर पायात पायात येतं. कासवाने काय करायचं? त्याला असं ओरडता येत नाही. थंड रक्ताचा प्राणी, बाहेरच्या उबेवर शरीर चालतं, सगळा कारभार संथ. अन्नाविना कित्येक आठवडे तग धरतं. हाडं ठिसूळ होत जातात तरी पोहत राहतं. तुम्ही आज केलेली हयगय त्याच्या अंगावर वर्षा-दोन वर्षांनी दिसते, आणि दिसली की तुम्ही म्हणता "अचानक आजारी पडलं बघा". अचानक काही नसतं हो. ते तुमच्या डोळ्यांदेखत रोज थोडं थोडं मरत असतं आणि तुम्ही पाहुण्यांना सांगत असता, की कासव पाळायला सगळ्यात सोपं.

यमूला पहिल्यांदा उचललं तेव्हा तिचं कवच माझ्या अंगठ्याखाली दबलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. कासवाचं कवच वरून बसवलेलं नसतं, ते त्याचं हाड आहे. फासळ्या आणि पाठीचा कणा त्यातच जोडलेला असतो, हात लागलेला त्याला कळतो. मी तिच्या फासळ्या दाबत होते, आणि तिने पाय आत ओढून घेण्यापलीकडे काही केलं नाही.

ठाण्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले शोधावे लागतात. विचारत विचारत मुंबईत एक डॉक्टर सापडल्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला ऊन कुठून मिळत होतं?" मी वहिनींना फोन केला. म्हणाल्या, बाल्कनीत येतं की भरपूर. बाल्कनी काचा लावून बंद केलेली! उन्हातल्या ज्या यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांनी कासवाच्या अंगात व्हिटॅमिन डी-थ्री तयार होतं, ती किरणं काच अडवते. डी-थ्री नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. वर अंग कोरडं करायला एक दगडसुद्धा टबात नव्हता. या कासवांना पाण्याबाहेर येऊन शेकत बसणं जेवणाइतकंच लागतं. ती अख्खा वेळ त्या पाण्यात होती, ज्यात ती खात होती आणि घाण करत होती.

डोळ्यांचं कारण वेगळं. तिला मिळत होती फक्त डबीतली सुकी कोळंबी, कारण दुकानदाराने तेवढंच दिलं होतं. त्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नाही. ते नसलं की पापण्या सुजतात. कासव बघून खातं, त्यामुळे डोळे मिटले की खाणं बंद, आणि खाणं बंद म्हणजे सूज आणखी. (व्हिटॅमिनचे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते. डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

इंजेक्शनं झाली, यूव्हीबीचा दिवा आला, टाकी आली, काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (माकुळाचं हाड) आणून पाण्यात टाकला, कॅल्शियमसाठी तो उत्तम. तरी ती खाईना. आमच्या सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. एका संध्याकाळी त्या तुळशीच्या कुंडीजवळ खुरपं घेऊन बसलेल्या दिसल्या. मातीतून एक गांडूळ काढलं, हातावर घेऊन आत आल्या, "विठ्ठला, सांभाळून घे" म्हणाल्या आणि यमूच्या तोंडासमोर पाण्यात सोडलं. ते वळवळलं. यमूचा एक डोळा जरासा, अगदी फटीएवढा उघडला. मान लांब झाली आणि तिने ते पकडलं. सासूबाई तिथेच पाट ओढून बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. नावही त्यांनीच ठेवलं. देवळाच्या दाराशी गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी असते, म्हणून ही यमुना.

लिहितानाही भरून येतंय. आणि लगेच रागही येतोय, कारण हे सगळं व्हायची गरजच नव्हती.

डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली ही कासवं, रेड इअर्ड स्लायडर, मुळात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. त्याच अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं पाळायला म्हणून विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे. मुलं त्यांना हाताळून हात तोंडात घालायची आणि साल्मोनेलाच्या जंतूंनी आजारी पडायची, म्हणून. युरोपने १९९७ मध्ये यांची आयात थांबवली. आणि आपल्याकडे? रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं, प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असलेलं भांडं, खाण्याच्या गोळ्यांची डबी, घ्या आणि वाढदिवसाला द्या. ते नाणं पुढे दहा-बारा इंच होतं आणि नीट ठेवलं तर तीस वर्षं जगतं, हे कोण सांगतं? भांड्याच्या खोक्यावर तर कुठेच लिहिलेलं नसतं. मान्य, काही मुलांना प्राण्यांची ओढ अशाच एखाद्या कासवामुळे लागते. पण त्या ओढीची किंमत कासवाने हाडं देऊन का भरायची?

आता त्या तलावाबद्दल.

आपल्यातले कितीतरी जण मार्चमध्ये मुलांना घेऊन वेळासला जाऊन आलेत. पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जाताना पाहून सगळेच हळवे होतात, मीही झाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ते काम उभं केलं, त्याला तोड नाही. पण तिथून आपण घेऊन काय आलो? कासव पाण्यात सोडलं की चांगलं काम झालं, एवढंच? अहो, ती ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं त्याच किनाऱ्यावर जन्मली, तो समुद्र त्यांचा आहे. उपवन तलाव या कासवाचा नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जातींची जी यादी केली, त्यात हे कासव आहे. तगडं असलं तर तळ्यातल्या आपल्या कासवांच्या शेकायच्या जागा बळकावणार, खाणं पळवणार, रोग देणार. आणि सकाळच्या फोटोतल्यासारखं आंधळं, मऊ हाडांचं असलं तर ते तळाच्या गाळात उपाशी मरणार. तेही हळूहळूच, म्हणजे कुणाला कळणार नाही. पुण्य लागेल म्हणणाऱ्या काकांनी सांगावं, यातलं पुण्य कोणतं?

जरा शांत होते.

मेसेज टाकणाऱ्या ताई वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. निदान त्यांनी विचारलं तरी. आणि हेही खरं, की परदेशी कासव ठेवून घ्यायला संस्था पटकन तयार होत नाहीत, त्यांच्याकडे आधीच जागा नसते. म्हणून मी त्यांना फोन करून सांगितलं, रविवारी कुठेही जाऊ नका, डोळे बरे होईपर्यंत ते माझ्याकडे राहील. यमूच्या टाकीत नाही, वेगळं. तोवर घर शोधू.

यमू आज दहा इंचांची आहे. कवच दगडासारखं टणक झालंय, ठोकलं तर आवाज येतो. वळलेल्या कडा मात्र तशाच राहिल्या, त्या कधीच सरळ होणार नाहीत. पावसाळा सोडून रोज सकाळी गच्चीत तिला ऊन देतो, अर्ध्या टबावर सावली करून, आणि कावळ्यांमुळे कुणीतरी जवळ बसतंच. बहुधा सासूबाई, हरिपाठ घेऊन.

तुमच्या घरात पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव असेल, तर ते स्लायडर नाही, ते तारा कासव, जमिनीवरचं. त्याला पाण्याच्या टबात ठेवतात लोक, ते बुडून मरतं! भरभराटीसाठी उत्तरेला ठेवायला आणलं असेल तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कासवावर अन्याय तर आहेच. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

ज्यांच्या घरी आधीच स्लायडर आहे त्यांनी मला मेसेज करा. ओरडणार नाही, खरंच. टाकी केवढी, फिल्टर कुठला, पालेभाज्या कुठल्या, सगळं सांगते. आणि दिवा असेल तर आत्ता उठून बघा कधी घेतला होता. यूव्हीबीचा दिवा उजेड देत राहतो, पण सहा महिने ते वर्षभरात त्यातली कामाची किरणं कमी होतात. नवा लावाल तेव्हा होल्डरवर मार्करने तारीख लिहून ठेवा.