परदेशी लायसन घेऊन नाशकात परतणाऱ्यांना चार हिताच्या गोष्टी

अमेरिकेतून कमर्शियल पायलटचं लायसन घेऊन आलात? अभिनंदन, पेढे वाटा. ते डीजीसीएकडून, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, भारतीय करून घ्यायचं तेवढं बाकी आहे. फक्त "मग विमान कधी चालवणार?" असं विचारणाऱ्या शेजारच्या काकूंना तारीख सांगू नका. मी सांगितली होती. दोन दिवाळ्या झाल्या, आता काकू विचारत नाहीत, नुसत्या बघतात.

तिकडे 250 तास उडवलेत आणि इथे 200च लागतात, म्हणून हुरळू नका. स्वतः कॅप्टन म्हणून 100, रात्रीचे 5, 300 नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री (एका गावाहून दुसऱ्या गावी लांबचं उड्डाण), असा एकेक तास निवडून दाखवायचा असतो.

मेडिकल आधी क्लास टू, मग क्लास वन. तोवर मिसळीवरची तर्री जपून.

परीक्षा द्या. हवाई नियमांचा एक पेपर, नेव्हिगेशन-हवामानाचा मिळून दुसरा, पास व्हायला 70 टक्के. टेक्सासची वादळं पाहिलेल्याला आपला मान्सून कळायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही.

मुख्य सल्ला: जन्म घेतानाच एका शब्दाचं नाव घ्या. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मी, मग बाबा. पासपोर्टवर मी, बाबा, आडनाव. अमेरिकेहून लायसनच्या खातरजमेचं पत्र आलं, त्यात बाबांचं नुसतं एक अक्षर. झालं! फाइलवर डीजीसीएचा शेरा पडला, 'नाव जुळत नाही'. तोही तीन महिन्यांनी. सीबीएस बसस्टँडजवळ नोटरी गाठून प्रतिज्ञापत्र लिहून दिलं की मी मीच आहे. पुन्हा थांबलो. शेरा: बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी आणा. आणली. शेरा: प्रतिज्ञापत्र जुनं झालं. अहो डीजीसीएवाले, तुमच्याच टेबलावर जुनं झालं ना ते?

फोन करून बघा. बोटांना व्यायाम होतो.

आणि स्किल टेस्ट, म्हणजे विमान उडवून दाखवायची परीक्षा, मात्र सहा महिन्यांच्या आतली हवी! फाइल तुम्ही दाबून बसायचं, शिळा मी व्हायचं, आणि परत उडायचे पैसे निफाडच्या द्राक्षबागेनं द्यायचे. बागेवरचं पहिलं कर्ज अजून फिटलेलं नाही. तीन चुका होत्या तर तिन्ही पहिल्याच दिवशी लिहायला काय धाड भरली होती? कागद तेच, माणूस तोच. बसा एकदा, सगळं वाचा, काय हवं ते एकदाच लिहा आणि खाली सही करा. नाव तरी कळू दे तुमचं. आडनाव आधी लिहिलंत तरी चालेल.