‘घरच्या मॅनिक्युअरसाठी हव्यातच’ अशा वस्तूंच्या यादीला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच यादी मला निदान सहा जणींनी पाठवली. ‘पार्लरसारखं मॅनिक्युअर घरच्या घरी : या वस्तू तुमच्याकडे हव्यातच.’ त्यात क्युटिकल कापायचा निपर आहे, कोमट साबणपाण्याचं भांडं आहे, नख घासून चमकवायचा बफर, नख टणक करायचा हार्डनर, कॅल्शियम आणि बायोटिनच्या गोळ्या, पिवळेपणावर लिंबू, दिव्यासकट जेल पॉलिशचा किट. तळाशी सल्ला : ‘महिन्यातून एक आठवडा नखांना श्वास घेऊ द्या.’ यादी नीटनेटकी आहे, फोटो छान आहेत, म्हणून ती लगेच पुढे जाते. पण यातल्या बऱ्याच वस्तू नखांना अपाय करतात किंवा त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि ज्यांनी खरोखर फरक पडतो त्यातल्या बहुतेक यादीत नाहीत. यातला एक सल्ला पाळून मी स्वतःचं बोट पिकवून घेतलं आहे. म्हणून एकेक दावा घेऊन लिहिते.

सुरुवात तळाच्या सल्ल्यापासून करते, कारण बाकीचे घोटाळे तिथूनच निघतात. नख श्वास घेत नाही. आपण ज्याला नख म्हणतो, रंगवतो, कापतो, ते केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींच्या थरांचं बनलेलं असतं. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. जिवंत भाग मागे असतो, कातडीच्या घडीखाली. ते नखाचं मूळ. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी पांढुरकी चंद्रकोर दिसते ना, ते या मुळाचं बाहेर डोकावणारं टोक. त्याला प्राणवायू मिळतो तो रक्तातून. नेलपेंट लावल्याने तो अडत नाही, काढल्याने वाढत नाही.

मग काही दिवस नखं उघडी ठेवून बरं का वाटतं? कारण तेवढे दिवस आपण रिमूव्हर वापरत नाही आणि रंग खरवडत नाही. आठवडेच्या आठवडे तोच रंग ठेवून मग तो ओरबाडून काढला की नखाचा वरचा पापुद्राही सोबत येतो आणि पांढरे, खरखरीत चट्टे उरतात. तो दोष ओरबाडण्याचा. उघड्या नखांचा एक खरा उपयोग मात्र आहे. तो शेवटी सांगते.

नख मृत आहे हे एकदा पटलं की पुढचं सोपं होतं. मृत भागावरची झीज भरून येत नाही. ती पुढे सरकत टोकाला येते आणि तिथे कापली जाते, एवढाच तिचा शेवट. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला जवळपास ६ महिने. पायाच्या अंगठ्याला १२ ते १८ महिने.

आता निपर. यादी म्हणते, ‘क्युटिकल कापून टाका, नख लांब आणि स्वच्छ दिसेल.’ दिसतं खरं, आणि फसगत तिथेच होते. क्युटिकल या एकाच शब्दाने आपण दोन गोष्टी बोलतो. एक म्हणजे नखाला चिकटून पुढे येणारा पातळ, पारदर्शक, मृत पापुद्रा. दुसरी, त्याच्या मागची कातडीची जिवंत घडी. तो पापुद्रा म्हणजे नख आणि घडी यांच्यामधल्या फटीला लावलेली लाख. पाणी, साबण, जंतू, बुरशी यांना मुळापर्यंत जाऊ न देणं हे त्याचं काम. निपरला पापुद्रा कुठे संपतो आणि घडी कुठे सुरू होते हे कळत नाही. घरी, एका हाताने दुसऱ्या हाताचं कापताना आपल्यालाही कळत नाही.

मी डाव्या अनामिकेचं क्युटिकल असंच कापलं होतं. दोऱ्यासारखी एक कोर निघाली, मागे टाचणीच्या टोकाएवढा गुलाबी ठिपका राहिला. रक्त आलं नाही. नख खरंच सुबक दिसत होतं. तिसऱ्या दिवशी घडी लाल आणि चकचकीत झाली, रात्री असा ठणका लागला की हात उशीवर उंच ठेवून झोपावं लागलं. सकाळी नखाच्या कडेने पुवाची पिवळी रेघ दिसत होती. नखुरडं झालं होतं. डॉक्टरांनी घडी जराशी उचलून पू काढला, गोळ्या दिल्या, आठवड्याने बोट शांत झालं. मला वाटलं, संपलं. सुमारे दीड महिन्याने घडीखालून नखावर एक आडवी खाच बाहेर आली, दुसऱ्या हाताचं नख फिरवलं तर अडकेल इतकी खोल. मूळ सुजलेलं असताना बनलेलं नख तेवढं कच्चं निघालं होतं. ती खाच टोकाला पोचून कापली जायला आणखी चार महिने गेले. तितके दिवस ती रोज डोळ्यांसमोर होती, आणि एका कोरीची किंमत मला तिने मोजून दाखवली.

मग त्या पापुद्र्याचं करायचं काय? फारसं काही नाही. अंघोळीनंतर तो मऊ असतो, तेव्हा टॉवेलच्या कडेने हलकेच मागे सारला तरी पुरतं. नखावर फारच चिकटून आला असेल तर क्युटिकल रिमूव्हर मिळतो. त्यात बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क असतो आणि तो केराटिन विरघळवतो. जिवंत कातडीतही केराटिन असतंच, म्हणून वेष्टनावर दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये, नीट धुवावा आणि चिरलेल्या कातडीवर लावू नये. निपर टाकून द्या असंही मी म्हणणार नाही. नखाच्या बाजूला सालपट सुटतं, ते ओढलं की जिवंत कातडीपर्यंत फाटत जातं. ते बुडाशी कापायला निपर उत्तम. त्याचं काम तेवढंच.

साबणपाण्यात दहा मिनिटं हात बुडवा आणि मग नेलपेंट लावा, हा सल्ला सगळीकडे दिसतो. नख पाणी शोषतं, फुगतं, किंचित पसरट होतं. त्यावर रंग लावला की काही तासांनी नख वाळून आकसतं, वरचा रंगाचा थर तसा आकसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी टोकाचे टवके उडतात. पायाची जाड नखं कापण्याआधी भिजवणं ठीक. रंग लावायच्या आधी नख कोरडं हवं आणि त्यावर तेलाचा अंशही नको. रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवला की काम होतं.

भिजण्याबद्दल याहून महत्त्वाची गोष्ट यादीत नाहीच. नखांच्या टोकांना पापुद्रे सुटतात, पत्त्यांच्या गड्डीची कड फुलावी तसे थर वेगळे होतात. त्यामागे मोठं कारण असतं ते वारंवार भिजणं आणि वाळणं. भांडी, कपडे, फरशी. दर वेळी थर फुगतात, आकसतात, त्यांच्यातली पकड सैलावते. याला कुठलाही सीरम पुरा पडणार नाही. भांडी घासताना रबरी हातमोजे घातले तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. मॅनिक्युअरची एकच वस्तू सांग असं कुणी म्हटलं तर मी हातमोजे सांगेन.

बफरबद्दल : ‘दर आठवड्याला घासा, चमक येईल, रेघा जातील.’ चमक येते ती नखाची जाडी कमी होऊन. अर्धा मिलिमीटरमधून दर आठवड्याला थोडं थोडं घेत राहिलं तर काही महिन्यांनी नख कागदासारखं वाकतं आणि गरम पाणी झोंबायला लागतं. उभ्या रेघा वयानुसार येतातच. त्या झाकायच्या असतील तर रंगाखाली लावायचा बेस कोट त्यांच्या खाचा भरतो. फाइल घेताना त्यावरचा आकडा बघा. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. नैसर्गिक नखांना १८० ते २४० ठीक. १०० किंवा त्याखालची फाइल कृत्रिम नखांसाठी असते. काचेची फाइल घेतली तर ती धुताही येते.

पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलो. नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नखाचा टणकपणा येतो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांतून. ते ठिपके बहुतेक वेळा मुळाला बसलेल्या छोट्याशा माराचे असतात. दारात बोट चेमटलं, नखं चावली, क्युटिकल जोरात मागे ढकललं. ठिपका दिसतो काही आठवड्यांनी, तोवर मार विसरलेला असतो, आणि दोष जातो कॅल्शियमवर. तो नखासोबत पुढे सरकत निघून जातो. तेवढ्या काळात गोळी घेतली असेल तर श्रेय गोळीला.

बायोटिनमागे थोडा तरी आधार आहे. ठिसूळ नखांवर रोज २.५ मिलिग्रॅम देऊन केलेले काही लहान अभ्यास आहेत आणि त्यात काहींची नखं जाड झालेली दिसली. पण धडधाकट नखांच्या प्रत्येकीने ते घ्यावं असं त्यातून निघत नाही. आणि यादीत जे सांगायलाच हवं होतं ते असं : बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉइडच्या तपासण्या त्यात येतात आणि हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिनची तपासणीही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

हार्डनरचं थोडक्यात. पारंपरिक हार्डनरमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं, ते केराटिनच्या साखळ्या एकमेकींना जखडतं. पहिले काही आठवडे नख टणक वाटतं. पण चांगल्या नखाला वाकताही आलं पाहिजे. जखडत गेलेलं नख वाकत नाही, कडकन तुटतं. मग आपण आणखी हार्डनर लावतो. ठिसूळ नखाला तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली द्या, रात्री झोपताना, नखावर आणि घडीवर चोळून. ती नखातलं पाणी उडू देत नाही. लिंबाबद्दल एवढंच की पिवळेपणा गडद नेलपेंटच्या रंगद्रव्याचा असतो, तो आत मुरलेला असतो आणि नखासोबतच वाढून जातो. आम्लाने कातडी मात्र कोरडी पडते. आणि लिंबाचा रस लागलेल्या हाताने उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग उरू शकतात. पिवळेपणा टाळायचा असेल तर रंगाखाली बेस कोट लावा.

आता जेलचा किट. ‘पार्लरचा खर्च वाचवा, घरीच जेल लावा’ या ओळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण इथे होणारं नुकसान वाढून निघून जात नाही.

साधं नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातला द्रव उडून जातो. जेल तसं वाळत नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट जातीचे लहान रेणू असतात आणि दिव्याच्या प्रकाशात ते एकमेकांना जोडले जाऊन घट्ट होतात. दिवा त्या जेलला जुळणारा नसेल, थर जाड असेल, बोट आत तिरकं ठेवलं असेल, तर वरून टणक दिसणाऱ्या थराखाली न जोडले गेलेले रेणू उरतात. जेल कडेने कातडीवर पसरलं तर ते थेट आतच जातात. शरीराने एकदा त्यांना शत्रू मानलं की ती अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली घरगुती किट्सबद्दल नेमका हाच इशारा दिला होता. त्यातल्या सर्वाधिक त्रासदायक रेणूंपैकी एकाचं नाव हेमा (HEMA). युरोपीय संघात तो असलेल्या नखांच्या उत्पादनांवर २०२१ पासून ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ असं छापावं लागतं.

माझ्या धाकट्या बहिणीने असा किट आणला होता. सात-आठ महिने सगळं सुरळीत. मग बोटांची टोकं खाजायला लागली, कातडी लाल होऊन भेगा पडल्या. त्याच सुमारास पापण्या सुजायला लागल्या. ती क्रीम बदलत राहिली, साबण बदलत राहिली. पापण्यांचा आणि नखांचा संबंध तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पण आपण दिवसभरात डोळ्यांना किती वेळा हात लावतो! शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, तर अ‍ॅक्रिलेटच्या चौकोनाखाली लाल, खाजरी गांधी उठलेली. आता तिला दाताच्या डॉक्टरांनाही हे आधी सांगावं लागतं, कारण दातात भरायच्या मसाल्यात याच कुळातले रेणू असतात. सांधा बदलताना वापरतात त्या सिमेंटमध्येही असतात. काही रंगीत बाटल्यांनी तिच्या उपचारांच्या वाटा अवघड केल्या, आणि यादीत त्याबद्दल एक अक्षर नाही.

कुणाला जेल लावायचंच असेल तर शिकलेल्या व्यक्तीकडून लावून घ्या, कातडीला लागू देऊ नका, आणि काढताना सोलू नका. घरी साधं नेलपेंट, दोन पातळ थर, वर टॉप कोट. हे पुष्कळ दिवस टिकतं.

आणि नेलकटर, निपर, फाइल ज्याची त्याची वेगळी ठेवा. यादीने ‘घरातल्या सगळ्यांसाठी एकच किट’ सुचवला आहे, बुरशीला एका नखावरून दुसऱ्या नखावर जायला तोच मार्ग लागतो. धातूची हत्यारं साबणाने धुऊन, कोरडी करून, ७० टक्के अल्कोहोलने पुसली की झालं.

आता उघड्या नखांचा तो उपयोग. रंग काढल्यावर, नवा लावायच्या आधी, खिडकीशी जाऊन दहाही नखं उजेडात बघा, अधूनमधून पायाचीही. नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल तर शरीरात लोह कमी असू शकतं. बऱ्याच नखांवर एकाच उंचीवर आडवी खाच असेल तर काही आठवड्यांपूर्वीचा मोठा ताप किंवा आजार आठवून बघा. आणि एकाच नखावर तपकिरी किंवा काळी उभी रेघ नव्याने आली असेल, रुंद होत असेल, किंवा तिचा रंग मागच्या कातडीत उतरला असेल, तर त्यावर रंग चढवू नका. अशी रेघ निरुपद्रवी असू शकते, पण कधी कधी तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असतो, आणि तो नेलपेंटखाली महिनोन्महिने लपून राहतो. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.