कारखाना घेतलात, आता बॉयलरचे पैसे कुठून आणाल?

अभिनंदन, जरा उशिराच! तालुक्याचा सहकारी साखर कारखाना काही हंगामांपूर्वी तुम्ही घेतलात. बँकेने थकबाकीपोटी, न्यायालयात न जाता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली तो ताब्यात घेतला, लिलाव काढला, दोनदा कुणी फिरकलं नाही, तिसऱ्यांदा किंमत खाली उतरली आणि नेमके तेव्हाच तुम्ही तिथे उभे होतात. निव्वळ योगायोग. आमच्याकडे पाऊस नेमाने पडत नाही, पण असले योगायोग पडतात.

आता प्रश्न आधुनिकीकरणाचा. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीची साखळी तुटलेली, बॉयलर माझ्या वयाचा, गाळप कागदावर रोज २५०० टन आणि प्रत्यक्षात चिमणीतून नुसता धूर निघाला तरी गावात पेढे वाटायचे. तुम्हाला ५००० टन करायचेत, सहवीजनिर्मिती करायचीय, डिस्टिलरी टाकायचीय. पैसा लागणार. या विषयाचं शिक्षण मी परवाच एका बँकेच्या बाकड्यावर चार तास बसून घेऊन आलोय. फुकट मिळालं, फुकट देतो.

पहिली गोष्ट, स्वतःचे पैसे घालायचे नाहीत. हे तुम्हाला सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट, कर्जासाठी लांब जायचं नाही. जो कारखाना ‘कर्ज फेडू शकत नाही’ म्हणून विकला गेला, त्याच जमिनीवर, त्याच जुनाट मिलवर नवं कर्ज मिळतं. काल आजारी होता, आज मालकाचं नाव बदललं आणि उठून पळायला लागला. लिलावात ज्या जमिनीला गिऱ्हाईक नव्हतं, तिला तारण ठेवताना असा भाव येतो की पुण्याच्या बिल्डरने तोंडात बोट घालावं. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये बरखास्त केलं होतं, कारखान्यांच्या विक्रीवरून लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे सगळं तुमच्या कानावर असेलच. मनावर घेऊ नका.

तिसरी, इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल. केंद्राने २०१८ साली डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजसवलत आणली. सहा टक्के किंवा लागणाऱ्या व्याजाच्या निम्मं, यातलं जे कमी ते सरकार भरणार, पाच वर्षं, त्यात पहिलं वर्ष हप्त्याची सूट. इथे मात्र मी खरोखर तुमच्या बाजूने बोलतो. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, त्याच सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करणं तात्काळ थांबवायला सांगितलं. आठवड्याभराने मर्यादा घालून थोडं सैल केलं, पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली, पण तोवर कर्ज काढून टाक्या उभ्या करणाऱ्यांची झोप उडालीच. वाईट झालं. तरी वाया काही गेलं नाही. ‘इथेनॉलमुळे अडचण आलीय’ हे वाक्य ऊसबिल मागायला आलेल्या माणसाला अजूनही ऐकवता येतं.

त्यावरून आठवलं, ऊसबिल. महाराष्ट्रातलं सगळ्यात स्वस्त खेळतं भांडवल. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर वर पंधरा टक्के व्याज द्या. हे व्याज मागणारे मी पाहिलेत. मिळालेला मला अजून भेटायचाय. माझाच हिशेब घ्या. ऐंशी टन ऊस गेला. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, २०२४-२५ ची, सव्वादहा टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) टनामागे ३४०० रुपये. आमच्या कारखान्याचा उतारा कधी वाढत नाही, कितीही आधुनिकीकरण करा. तोडणी-वाहतूक वजा जाता माझे दोन लाखांच्या आसपास निघाले आणि तीन महिने तुमच्याकडे राहिले. पंधरा टक्क्यांनी साडेसात हजार रुपये होतात. हे फक्त माझे. अशी किती हजार खाती आहेत, ते तुमच्या चीफ अकाउंटंटला विचारा. एवढं कर्ज कुठली बँक तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय आणि फायलीला चहापाणी न लावता देते? मध्यंतरी राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपीचे हप्ते पाडायला परवानगी दिली होती, तीही २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. काळजी करू नका. परवानगी असताना जेवढा उशीर होत होता तेवढाच आताही होतो.

जुने सभासद ठेवीच्या पावत्या घेऊन येतील. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, वर्षानुवर्षं बिलातून टनामागे कापलेली. ‘तो जुन्या संस्थेचा विषय, अवसायकाला भेटा’ म्हणायचं. अवसायक म्हणजे बंद संस्थेचा हिशेब मिटवायला नेमलेला माणूस. अवसायक म्हणतो, मालमत्ता विकली, पैसे बँकेने वळते करून घेतले. बँक म्हणते, आम्ही कारखान्याला ओळखतो, सभासदाला ओळखत नाही. माझ्या वडिलांच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. वाळवीने मात्र त्या मान्य केल्यात.

बरं, गाळप चार-पाच महिन्यांचं. उरलेलं वर्ष आवार रिकामं ठेवू नका, तिथे चिकनप्रक्रियेचा प्रकल्प टाका. थट्टा नाही. केंद्राने २०२० मध्ये १५,००० कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी काढला. दूध, मांसप्रक्रिया, पशुखाद्य सगळं बसतं, खासगी कंपन्याही बसतात, प्रकल्पाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि व्याजात तीन टक्के सूट. शीतगृह तुमचं, कापायचं यंत्र तुमचं, पिल्लं तुमची, खाद्य तुमचं. शेड शेतकऱ्याचं आणि शेडचं कर्जही शेतकऱ्याचं. उन्हाळ्यात मरतूक झाली तर ती त्याच्या हिशेबातून कापायची. कराराच्या कागदावर ‘भागीदार’ असा शब्द जरूर घाला, माणसाला बरं वाटतं.

आता खरी युक्ती. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

दोन हंगामांमागे आमच्याकडे चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस, आला. बरोबर फॉर्मचा गठ्ठा. ‘दादा, बेणं-खताच्या उधारीसाठी आहे, सह्या करा. आधारची झेरॉक्स, सातबारा, आठ-अ आणि दोन फोटो. नाहीतर नोंद धरत नाहीत.’ नोंद धरत नाहीत म्हणजे ऊस फेब्रुवारीऐवजी एप्रिलमध्ये तुटणार आणि तोवर त्याची चिपाडं होणार. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे, म्हणून कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. फॉर्म कोरे होते, सही भरलेली होती.

परवा पाइपलाइनसाठी कर्ज मागायला गेलो. माझ्या पोराच्या वयाचा साहेब. बराच वेळ संगणकात बघत बसला आणि मग म्हणाला, ‘काका, तुमच्या नावावर तीन लाख थकीत दिसतात.’ म्हटलं, नाव नीट बघ. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. नाव माझं, आधार माझा, बँक दुसरीच, शाखा अशा गावातली की जिथे मी एसटीतूनसुद्धा कधी उतरलो नाही. कारण लिहिलं होतं, ऊसलागवड व तोडणी-वाहतूक. दुसऱ्या दिवशी त्या शाखेत गेलो. तिथे माझं खातंही होतं. जन्माला आल्या दिवशीच रिकामं झालेलं, सकाळी पैसे जमा, दुपारी कारखान्याच्या खात्यात वर्ग. वर्ग करा म्हणून सांगणाऱ्या चिठ्ठीवरही माझीच सही. त्या वर्षी तुम्ही नवी टर्बाइन बसवली होती, आठवतं? फ्लेक्सवर फेटा बांधलेला तुमचा फोटो होता. म्हणजे त्या टर्बाइनचं एखादं पातं माझं आहे. मी गेटवर जाऊन म्हटलं, माझं पातं बघायचंय. वॉचमन म्हणाला, पास लागतो.

पास लागतो! तीन लाखांचा बोजा चढवताना पास लागला नाही, आता पातं बघायला पास लागतो! शाखाधिकाऱ्याने मला एकदा फोन करून विचारलं असतं की बाबा, तू हे कर्ज घेतलंस का, तर त्याच्या बापाचं काय गेलं असतं? माझ्या बायकोच्या पंधरा हजारांच्या शेळीकर्जाला हीच माणसं दोन जामीनदार मागतात, घरी येऊन दावणीला उभं राहून फोटो काढतात. आणि तिकडे गावंच्या गावं एका दुपारी कर्जदार होतात, तेव्हा एकालाही शंका येत नाही?

जाऊ दे, सल्ले संपले. मला हा आव आता जमत नाही.

१९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा त्यांनीही शेतकऱ्याचेच पैसे गोळा केले होते. पण पावतीवर शेतकऱ्याचं नाव मालक म्हणून पडत होतं. तुम्हीही पैसे आमचेच घेताय आणि कागदावर आमचं नाव कर्जदार म्हणून टाकताय. कारखाना खासगी केलात ना? मग कर्जही खासगी करा. स्वतःच्या सातबाऱ्यावर काढा, स्वतःचा बंगला तारण ठेवा, हप्ता चुकला की तुमच्या दारावर नोटीस चिकटू द्या. बॉयलर नवा हवाच, कोण नको म्हणतंय? जुन्या बॉयलरने आमचाच ऊस जळत होता. पण त्याचे पैसे आम्हाला न सांगता आमच्या नावावर काढणं याला आधुनिकीकरण म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. हंगाम सुरू करताना मोळीपूजनाला सत्यनारायण घातला म्हणून ती धुऊन निघत नाही.

आणि आपण? आपणही काही कमी नाही. हार घेऊन रांगेत कोण उभं होतं? ‘शेठ आले, कारखाना वाचला’ म्हणून गुलाल कुणी उधळला? मीच होतो त्यात, फोटो आहे. कोऱ्या कागदावर सही करायला आपल्याला कुणी बंदूक दाखवली नव्हती, नुसता तोडणीचा नंबर मागे जाईल म्हणाले होते. तेवढ्यावर आपण सातबारा दिला. आता पारावर बसून ‘सगळे असेच’ म्हणत तंबाखू मळतोय. उठा की जरा!

आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत ते दाखवणारा सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. मोबाइलवर निघतो, घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगितलं तर दहा मिनिटांत काढून देते. आमच्या भावकीतल्या सात जणांनी रविवारी एकत्र बसून काढला. पाच जणांच्या नावावर पाती निघाली.