साडेतीन फुटांची रेघ

प्रश्न दीडशे रुपयांचा नाही, असे मी गेले चार दिवस घरात सांगत आहे, आणि ज्या अर्थी चार दिवस सांगत आहे त्या अर्थी तो दीडशे रुपयांचाच आहे, हे बायकोने केव्हाच ओळखले आहे.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघे इंदूरच्या बायपासकडल्या एका खेळांच्या उद्यानात गेलो. ऊन अजून सोसण्याजोगे होते, शाळेला सुट्टी होती, लेकीच्या कानामागचा रंगपंचमीचा गुलाबी रंग दोन आठवडे घासूनही तसाच होता. थोडक्यात, घरी बसण्यास कोणतीही सबब उरली नव्हती. तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर एक पिवळा जिराफ रंगवलेला होता आणि त्याच्या मानेवर साडेतीन फुटांच्या उंचीला एक लाल रेघ ओढलेली होती. मुलाचे डोके रेघेच्या खाली राहिले तर प्रवेश फुकट, रेघेच्या वर गेले तर दीडशे रुपयांचे पूर्ण तिकीट. अर्धे तिकीट नावाचा प्रकार तेथे नव्हता.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर पाडव्याला लेकीची उंची पेन्सिलीने नोंदवली जाते. गुढी उभी राहिली, कडुलिंब आणि गूळ तोंडात गेला, की चिऊला चौकटीशी उभे करायचे, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि रेघ मारून तारीख घालायची. यंदाची रेघ गतवर्षीच्या रेघेपेक्षा चार बोटे वर गेली. फितीने मोजले तेव्हा तीन फूट सव्वासहा इंच भरले आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या. गुरुवारी ज्या पाव इंचासाठी मी टाळ्या वाजवल्या, तोच पाव इंच रविवारी मला नकोसा झाला, एवढाच काय तो माझा अपराध.

लेकीला मात्र हे राजकारण ठाऊक नव्हते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आम्ही राजवाड्याजवळच्या एका ओळखीच्या गच्चीवरून पाहिली होती. रंगाचे फवारे वरच्या मजल्यांपर्यंत येत होते आणि माझ्या खांद्यावर बसून ही आपण सर्वांहून उंच असल्याचे गच्चीवरच्या प्रत्येकाला सांगत होती. तेव्हापासून तिला उंच होण्याचे वेड लागले आहे. जिराफ दिसताच ती धावत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि नुसती उभी नव्हे, तर टाचा उचलून. खिडकीतला तरुण मान वाकडी करून पाहू लागला. मी खाली वाकलो आणि अत्यंत सहज स्वरात, मराठीत म्हणालो, “सोन्या, गुडघे जरा वाकव. आपण बेडूक बेडूक खेळतोय.”

“अहो,” मागून स्वच्छ मराठीत आवाज आला, “चित्र जिराफाचं आहे.”

येथे थोडे विषयांतर केले पाहिजे, कारण इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाखेरीज इतरांना या आवाजाचा हादरा कळायचा नाही. मराठी ही आमची घरची भाषा खरी, परंतु घराबाहेर ती आमची सांकेतिक भाषा आहे. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची आणि मध्येच बायकोने हळूच म्हणायचे, “सोड, पुढे वीसला मिळतात.” लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या देखत वरणाची निंदा करायची ती मराठीत. १८१८ सालच्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी या गावात आली, मराठी कुटुंबे त्याआधीपासून आणि नंतरही येत राहिली, आणि आज येथे जागोजाग मराठी समजणारी माणसे आहेत. तरीही आपले बोलणे कोणालाच कळत नाही, ही आमची श्रद्धा अढळ आहे. क्लॉथ मार्केटातल्या एका दुकानदाराने एकदा माझ्या आईचे “रंग विटका दिसतोय, नको” हे वाक्य ऐकून “काकू, धुतल्यावर उघडेल” असे उत्तर दिले होते. त्यानंतर आईने ते दुकान बदलले. भाषा बदलली नाही.

तर, मी वळून पाहिले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बगलेत चष्म्याचे घर आणि बोटाला धरलेला एक नातू असे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेले असते. तेथे होती ती कर्तव्यबुद्धी.

“मुलीला वाकायला कशाला सांगता? आपण मोजू या ना,” ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी पोलादी टेप काढली. सहकुटुंब सहलीला निघताना मनुष्य पाण्याची बाटली घेतो, टोपी घेतो, शेव-परमल म्हणजे शेव-मुरमुरे घेतो. टेप कोण घेतो? “छत्तीस वर्षं भू-अभिलेखात काढली. जरीब माहीत आहे? जमीन मोजायची साखळी. 66 फूट, शंभर कड्या. एक कडी म्हणजे आठ इंचांना अंमळ कमी, पण तेवढी इकडची तिकडे झाली की दोन भाऊ जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत.”

माझे कोणत्याही भावाशी भांडण नव्हते, हे सांगण्याची संधी मला मिळाली नाही. त्यांनी प्रथम लेकीला हात लावलाच नाही. त्यांनी जिराफ मोजला. जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावली, एक डोळा मिटला आणि खिडकीतल्या तरुणाला हिंदीत जाहीर केले की ही रेघ साडेतीन फुटांवर नसून पाव इंच खाली आहे आणि त्यामुळे या भिंतीवरून आजवर झालेल्या सर्व मोजण्या सदोष आहेत. क्षणभर मला वाटले, परमेश्वर धावून आला. रांगेतून कोणी तरी ओरडले, “भिया, नपती बाद में कर लेना, बच्चे रो रहे हैं!” काकांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी लेकीच्या चपला काढायला लावल्या, टाचा भिंतीला टेकवल्या, केसांची शेंडी अंगठ्याने दाबली, चष्म्याचे घर डोक्यावर आडवे धरून त्याची कड भिंतीला काटकोनात बसवली आणि श्वास रोखून वाचले, “तीन फूट सव्वासहा.”

म्हणजे बरोबर चौकटीवरचे माप. जिराफाची चूक माझ्या बाजूने सुधारल्यानंतर, खऱ्या साडेतीन फुटांच्याही पाव इंच वर. दहा मिनिटे खपून त्या गृहस्थांनी मला न्याय मिळवून दिला आणि त्याच न्यायाने दोषी ठरवले. लेक आनंदाने उड्या मारू लागली. बायको दूरच्या एका झाडाकडे इतक्या एकाग्रतेने पाहू लागली की जणू आम्ही दोघे तिच्या ओळखीचेच नव्हतो.

“एक सांगू?” मी पाकीट काढताना काका हळू आवाजात म्हणाले, “सकाळी आलात तिथे चुकलात. दिवसभराच्या उभं राहण्याने मणक्यातल्या गाद्या दबतात, संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. पाच वाजता आला असतात तर कायदेशीर फुकट होती.” हे त्यांनी सांत्वन म्हणून सांगितले, असे मी आजही मानण्यास तयार नाही. मग स्वतःच्या नातवाला न मोजताच त्यांनी त्याचे पूर्ण तिकीट काढले आणि पावती मागून घेतली.

आत गेल्यावर जे घडले ते मला अधिक लागले. लेकीला हवा होता तो आकाशपाळणा. त्याच्या दारात दुसरा प्राणी रंगवलेला होता, बहुधा अस्वल, आणि त्याच्या पोटावरची रेघ चार फुटांवर होती. चार फुटांखालच्या मुलांस प्रवेश नाही, सुरक्षेसाठी. सुरक्षेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जी मुलगी दारावर पैसे घेण्याइतकी मोठी ठरते तीच पन्नास पावलांवर पाळण्यात बसण्याइतकी मोठी ठरत नाही, हा हिशेब कोणत्या जरिबीत बसतो? रेल्वे निदान वयाचा विचार करते. पाच वर्षांखालचे मूल फुकट, पाच ते बारापर्यंत वेगळी शायिका न घेतल्यास अर्धे भाडे. शायिका मागितली तर पूर्ण, हेही २०१६ पासून आपण मुकाट्याने देतो, पण निदान शायिका मिळते तरी. येथे पूर्ण तिकिटावर लेकीला मिळाली एक घसरगुंडी, जशी आमच्या वसाहतीच्या बगिच्यात आहे, आणि ती घसरगुंडी तापलेली होती. साडेतीन आणि चार फुटांच्या मधल्या त्या अर्ध्या फुटात जेवढी मुले अडकली होती ती सगळी त्या एकाच घसरगुंडीवर रांगेत उभी होती. मी आणि इतर बाप कडेच्या बाकावर बसून तोंड कडू करून शेव-परमल खात होतो.

तेथेच काका पुन्हा आले. आडनाव विचारले, रामबागेतल्या मराठी वस्तीतले का म्हणून विचारले, आईचे माहेर विचारले आणि तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या सौभाग्यवती आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. मी म्हणालो, फार आनंद झाला. इतके साफ खोटे मी त्या दिवशी खिडकीपाशीही बोललो नव्हतो.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. “अरे,” तिने चपलाही काढू न देता विचारले, “चिऊला बेडूक करत होतास म्हणे? दीडशे रुपयांची एवढी ओढाताण होती तर मला सांगायचं होतंस.” मी रेघेबद्दल, जिराफाबद्दल, मणक्यातल्या गाद्यांबद्दल खूप सांगितले. तिने ऐकून घेतले आणि लेकीच्या हातावर दीडशे रुपये ठेवले, माझ्या देखत, मोजून.

काल भजनाहून येताना तिने एक चिठ्ठी आणली आणि ती आता स्वयंपाकघराच्या चौकटीवर, पाडव्याच्या रेघेशेजारी चिकटवलेली आहे. जुन्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात तारीख आहे, वेळ सकाळी 10.40 आहे, उंची तीन फूट सव्वासहा इंच आहे, चपला काढून. त्याखाली शेरा आहे: “मोजणीवेळी पालक हजर. गुडघे सरळ.”