अथेन्सचा दुष्काळ: पैसा होता, वाट नव्हती

युद्धात चर्चने अन्नछत्र उघडलं की आपण हात जोडून मोकळे होतो. ते छत्र चालतं कशावर, हे समजून घ्यायला दुसऱ्या महायुद्धातला, १९४१-४२चा दुष्काळी ग्रीस बघावा.

जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन अशा तिघांनी देश वाटून घेतला. धान्य पिकवणारा बराच ईशान्य भाग बल्गेरियाकडे गेला आणि समुद्रात ब्रिटिशांची नाकेबंदी. देशभरात भुकेने सुमारे तीन लाख माणसं गेली असं मानतात.

पैसा मात्र होता. अमेरिकेतले ऑर्थोडॉक्स आर्चबिशप अथेनागोरस यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९४०मध्ये 'ग्रीक वॉर रिलीफ असोसिएशन' उभी राहिली. तिथल्या गावोगावच्या चर्चांचा तिला आधार होता. पण धान्य नेणार कसं? तटस्थ तुर्कस्तानच्या 'कुर्तुलुश' जहाजाने ऑक्टोबर १९४१पासून इस्तंबूलहून अथेन्सच्या पिरेयस बंदराला फेऱ्या सुरू केल्या; पाचव्या फेरीत, जानेवारीत, ते मार्मारा समुद्रात बुडालं. १९४२मध्ये ब्रिटिश नमले आणि नाकेबंदीतून अन्न जाऊ दिलं, तेव्हा स्वीडिश जहाजांतून महिन्याला सुमारे १५ हजार टन कॅनडाचा गहू येऊ लागला. (याच नाकेबंदीविरुद्ध ऑक्सफर्डमध्ये जमलेली समिती म्हणजे आजची ऑक्सफॅम ही मदतसंस्था.)

बंदरात गहू उतरला म्हणजे पोटात गेला असं नाही. कोरडा शिधा दिला तर तो काळ्या बाजारात जातो आणि घरी चूल पेटवायला सरपण नसतं, म्हणून शिजवून तिथेच वाढायचं. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्याला पोटभर वाढणं हा घात. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकतं. आधी पातळ, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा.

यादीचं दुखणं वेगळंच. माणूस गेला की त्याचं रेशनकार्ड जातं, म्हणून घरचे मरण लपवत, प्रेत रात्री स्मशानाशी ठेवून येत. याला लबाडी म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पण कागदावरचे जिवंत आणि खरे जिवंत यांचा मेळ सरकारी कचेरीत बसणार नाही. घरोघर ओळख असलेल्या धर्मगुरूलाच तो घालता येतो. अथेन्सचे आर्चबिशप दमास्किनोस यांच्या मदतसंस्थेचं खरं भांडवल हेच होतं.

त्यांनी देशाचा ताबा घेतलेल्यांशी बोलणी केली म्हणून नावं ठेवणारे आजही आहेत. बोलणी केल्याशिवाय गोदामाची किल्ली मिळत नाही, हे माझं उत्तर. त्याच दमास्किनोसांनी मार्च १९४३मध्ये ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध लेखी निषेध केला आणि त्यांना वाचवण्यासाठी बाप्तिस्म्याचे खोटे दाखले देण्यास पाद्र्यांना सांगितलं. अथेन्समध्ये त्यातून काही जीव वाचले. उत्तरेतल्या थेस्सलोनिकी शहरातून ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या मात्र थांबल्या नाहीत.