खुलासा : नुसती शिट्टी पुरत नसे
‘१९७०च्या दशकात अमेरिकेत ‘कॅप्टन क्रंच’ या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यातली शिट्टी फुंकली की परदेशी फोन फुकट लागे’ असा मजकूर फिरतो आहे. हे अर्धसत्य आहे. शिट्टीचं एक भोक बुजवलं की २६०० हर्ट्झचा सूर निघे. आधी टोल-फ्री नंबर लावायचा, मग फुंकायचं. पलीकडच्या एक्स्चेंजला लाइन रिकामी झाली असं वाटे, एवढंच. पुढचा नंबर द्यायला सहसा सुरांच्या जोड्या लागत: सुरुवातीला ११०० नि १७००, ‘१’साठी ७०० नि ९००, शेवटी १५०० नि १७००. ते काम ब्लू बॉक्सचं, म्हणजे हे सूर काढणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचं. साध्या सर्किटचे सूर तापमानाने सरकत. म्हणूनच ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाकचा, सूर स्थिर ठेवणाऱ्या क्रिस्टलवरचा डिजिटल बॉक्स खरा कौतुकाचा! पुढे सिग्नल वेगळ्या वाहिनीवरून जाऊ लागले आणि ही वाट बंद झाली.