कैवार घ्यावा, पण बेताने

वर्ष 2020, देश अमेरिका. साथ आली आहे आणि कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा कैवार घ्यायची तुम्हाला उबळ आली आहे. छान. आधी झूमवर बैठक लावा, सकाळी अकराला. मांसाच्या कारखान्यात पाळीवर असलेलं कुणी येणार नाही, ठराव एकमताने होतील. भाषा इंग्रजी. फारच आग्रह झाला तर स्पॅनिश. शेतावरची काही मंडळी घरी मिश्तेक (मेक्सिकोतल्या आदिवासींची भाषा) बोलतात, स्पॅनिश त्यांना जेमतेम कळतं, असं कुणी सांगू लागलं तर त्याला म्यूट करावं. ती सोय दिलीय कशाला?

मग धान्यवाटप. पिशवीआधी फॉर्म: नाव, पत्ता, जन्मदेश, व्हिसा आहे की नाही. खरं तर घरात माणसं किती आणि बाळाला दूध कोणतं, एवढ्यावर पिशवी भरते. पण मग अहवाल कशाने भरायचा? यादी गूगल शीटमध्ये ठेवा, लिंक सगळ्यांना खुली. उद्या कुणी समन्स आणलं तर शोधाशोध नको.

चाचणीला जायला लोक घाबरतात. 'पब्लिक चार्ज'चा, म्हणजे सरकारवर भार होईल त्याला ग्रीन कार्ड नाकारायचा, कडक नियम 24 फेब्रुवारीला लागू झाला, सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड जाईल अशी धास्ती. कोविडची चाचणी आणि उपचार त्यात धरणार नाही, असं स्थलांतर खात्याने 13 मार्चला जाहीर केलं. हे एका ओळीत, त्यांच्या भाषेत छापलं तर लोक दवाखान्यात जातील आणि 'स्थलांतरित दवाखान्यात का येत नाहीत' हा तुमचा परिसंवाद बुडेल.

पैशांबाबत 'सरकार सगळ्यांना देतंय' एवढं सांगून मोकळे व्हा. साथीतल्या मदतीच्या केअर्स कायद्याने माणशी 1,200 डॉलरपर्यंत दिले. पण नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं आणि एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तर दुसरा अमेरिकन नागरिक असूनही दोघं कोरडेच (सैन्यातल्यांना सूट). एवढं समजावत कोण बसणार? कॅलिफोर्नियाने अशा वगळलेल्यांना माणशी 500, घरटी जास्तीत जास्त 1,000 डॉलर देऊ केले. अर्ज फोनवर. 18 मेला लाइनी उघडल्या आणि लगेच तुंबल्या. चार स्वयंसेवक रिडायल करत बसले, लाइन लागताच अर्जदाराला जोडून घेतलं, तर काम होतं. तुम्ही 'प्रयत्न करत राहा' असा मेसेज फॉरवर्ड करा, फुलांच्या चित्रासह.

दारावर आयसीईची (स्थलांतरितांना पकडणाऱ्या सरकारी खात्याची) माणसं आली तर दार सताड उघडावं. 'कागद दाराखालून सरकवा' म्हणणं उद्धटपणाचं. 'आय-200' हा अटकेचा, पण खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचा कागद असतो, त्यावर घरात शिरता येत नाही; न्यायाधीशाची सही लागते. पण आलेल्या पाहुण्यासमोर सही कसली वाचायची!

आयसीईच्या कोठडीत कोंडलेल्यांसाठी गाड्यांचा मोर्चा काढा, हॉर्न दणक्यात वाजवा. आतल्या माणसाचा ए-नंबर (स्थलांतर खात्याने दिलेला ओळख क्रमांक) मात्र आधी घेऊन ठेवू नका. तो नसला की नावाचं स्पेलिंग आणि जन्मदेश यांवर शोधावं लागतं. एक अक्षर चुकलं की माणूस सापडत नाही. जामीन किमान 1,500 डॉलर, त्यासाठी वर्गणी हॉर्न वाजवून झाल्यावर.

एक धोका तेवढा सांभाळा. न्यूयॉर्कमध्ये पुढच्या वर्षी वगळलेले कामगार स्वतःच 23 दिवस उपोषणाला बसले आणि त्यांनी 210 कोटी डॉलरचा निधी मंजूर करून घेतला. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. त्यांना व्यासपीठावर दोन मिनिटं द्या, रडण्यापुरती. दुभाष्याला बोलवायला विसरा.